चाळिशीनंतर शरीर, त्वचा आणि केस: सुरुवात कुठून करायची, किती दिवस थांबायचं

चाळिशी उलटली की लक्ष आधी आरशाकडे जातं. डोळ्यांच्या कडेला रेघा, कानशिलावर पांढरे केस, भांग थोडा रुंद झालेला. मग एक बाटली घरात येते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून दुसरी येते आणि वर्षभरात अर्धवट वापरलेल्या बाटल्या कपाटात जमा होतात. त्यातली एखादी कदाचित खरंच कामाची असते, पण तिला किती दिवस द्यायचे हे कुणी सांगितलेलंच नसतं.

शरीरातल्या प्रत्येक भागाला बदलायला ठरावीक मुदत लागते आणि ती आपल्या घाईला जुमानत नाही. त्वचेच्या वरच्या थरातली पेशी खाली तयार होऊन, वर सरकून, झडून जायला तरुणपणी साधारण महिना लागतो. वय वाढलं की तेच काम दीड-दोन महिन्यांवर जातं. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. स्नायू त्या मानाने लवकर ऐकतात, सहा ते आठ आठवड्यांत. हाडांमधला फरक तपासणीत दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून पुढे महत्त्वाच्या पायऱ्यांसोबत निकाल कधी बघायचा तेही सांगितलं आहे. तोपर्यंत आरशात फार जवळून डोकावू नका.

आणखी एक. म्हातारपणाच्या म्हणून आपण ज्या खुणा मोजतो, त्या सगळ्या वयाच्या नसतात. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ट्रकचालकाच्या चेहऱ्याचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं गाडी चालवताना खिडकीच्या बाजूचं ऊन त्याच्या डाव्या गालावर येत राहिलं होतं. त्या बाजूची कातडी जाड झालेली, सुरकुत्या खोल. उजवा गाल मात्र बराच तरुण. दोन्ही गालांचं वय अर्थातच एक. जन्मतारखेचं आपण काही करू शकत नाही, पण ऊन, तंबाखू आणि बसून राहणं या तिन्हींचं बरंच काही करू शकतो. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. त्यात क्रीमच्या आधी व्यायाम आलाय, तो मुद्दाम.

पायरी १: आज कुठे आहोत ते मोजून ठेवा

आठवणीवर विसंबलात तर सहा महिन्यांनी काय सुधारलं आणि काय नाही हे कळणार नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीसमोर, चेहऱ्याचे तीन फोटो काढा: समोरून आणि दोन्ही बाजूंनी. चौथा फोटो भांगाचा किंवा टाळूचा. पुढच्या वेळी जागा, वेळ आणि उजेड तोच ठेवा. बाथरूमच्या दिव्याखाली काढलेले फोटो कामाचे नसतात, त्या दिव्याखाली सगळेच थकलेले दिसतात.

मग शरीराच्या दोन चाचण्या. बिनहातांच्या खुर्चीत बसा, हात छातीवर घडी घाला आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट या वयात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ वेळा जमायला हवं, त्याहून कमी म्हणजे पायांतली ताकद सरासरीच्या खाली. वय चाळिशी-पन्नाशीचं असेल तर आकडा याहून चांगला यायला हवा. दुसरी चाचणी एका पायावर दहा सेकंद उभं राहण्याची, हात शरीराला लागून, नजर समोर. जवळ भिंत किंवा ओटा असू द्या. २०२२ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना हे दहा सेकंद जमले नाहीत, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. तोल, ताकद आणि एकूण तब्येत एकमेकांत किती गुंतलेली असतात, एवढंच यातून दिसतं.

उंचीही मोजून लिहून ठेवा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, तर मणक्यात नकळत फ्रॅक्चर होऊन गेलेलं असू शकतं. असं दिसलं तर हाडांची तपासणी करून घ्यावी.

रक्ततपासणीची मोठी पॅकेजं घ्यायची गरज बहुतेकांना नसते. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल आणि लक्षणं असतील तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढ्यावर सुरुवात होते. केस जास्त गळत असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही बघून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही हा साठा खाली गेलेला असू शकतो.

पायरी २: स्नायू, बाकी सगळ्याच्या आधी

तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्के घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे बाहेरून लगेच दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि वजनाचा काटा हलत नाही. कळतं तेव्हा जमिनीवरून उठताना हाताचा आधार शोधावा लागतो. दंड सैल पडणं, खांदे पुढे झुकणं, चाल मंदावणं ही ‘वय दिसायला लागलं’ची लक्षणं बरीचशी इथून येतात. चेहऱ्यावरच्या रेघांचा नंबर नंतरचा.

‘मी रोज चालतो’ हे उत्तर इथे पुरत नाही. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, मनासाठी उत्तम आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, चालायलाच हवं. पण स्नायूला वाढायचं कारण मिळतं ते वजन उचलल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही चालण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे आणि ६५ च्या पुढे तोलाचा व्यायाम तीन दिवस.

आता उशीर झाला असं वाटत असेल तर १९९० सालचा एक प्रयोग सांगतो. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला होता. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतले स्नायू आठ आठवड्यांत इतकं करत असतील तर पन्नाशीतल्यांनी सबबी सांगू नयेत.

घरी सुरुवात करायला पाच हालचाली पुरतात. खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून जोर काढणं, जमायला लागलं की ओट्यावर आणि मग जमिनीवर. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. पायरीवर एकेका पायाने चढणं-उतरणं. पाचवी हालचाल ओढण्याची, जी लोक हमखास विसरतात: वजन भरलेली पिशवी, किंचित वाकून, कोपर मागे नेत पोटाकडे ओढायची. वाकलेले खांदे मागे आणणारी हालचाल हीच.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा. थोडं थांबून पुन्हा एकदा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान एक दिवस मोकळा. खरी खूण मात्र आकड्यात नाही. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बारा सहज होत असतील तर वजन वाढवा, नाहीतर तीन महिने तेच ते करत राहाल आणि स्नायूला वाढायचं कारणच मिळणार नाही. जोर लावताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष पाळावं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखणं ठीक. सांध्यात कळ येणं, छातीत दाटणं, चक्कर येणं ठीक नाही, तिथे थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. तोलासाठी ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं आणि टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालणं पुरेसं.

स्नायू बांधायला कच्चा मालही लागतो. वाढत्या वयात शरीर प्रथिनं तितक्या कार्यक्षमतेने वापरत नाही, म्हणून साठीच्या पुढे दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं दिवसाला घ्यावीत असं तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला साठ ते सत्तर ग्रॅम. ती एकाच जेवणात न कोंबता तिन्ही वेळा वाटून घ्या. सकाळच्या खाण्यात प्रथिनं नसतात ही सर्वांत सामान्य चूक. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. तहानेची जाणीवही वयाबरोबर बोथट होते, तेव्हा पाणी तहान लागेपर्यंत थांबून पिऊ नका.

हाडांसाठी कॅल्शियम पन्नाशीनंतरच्या स्त्रियांना दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं, जेवणातलं धरून. त्यामुळे गोळी घ्यायच्या आधी जेवणात किती येतंय ते बघा. ड जीवनसत्त्व सत्तरीपर्यंत ६०० युनिट, पुढे ८००. ‘जास्त घेतलं तर जास्त फायदा’ हा हिशेब इथे उलटतो: ड जीवनसत्त्वाचा फार मोठा डोस रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर नेऊ शकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांनी डेक्सा स्कॅनबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल, डॉक्टरांशी बोलावं, ६५ नंतर तर तो करावाच. त्यात येणारा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं समजतात.

आणि एक स्नायू ज्याचं नाव कोणी काढत नाही. खोकताना, हसताना लघवीचा थेंब निसटतो हे असंख्य स्त्रिया ‘वयाचं आहे’ म्हणून सोसतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हे होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आर्नॉल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडला. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतात तेच पाच सेकंद आवळायचे, पाच सेकंद सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी रोखून बघायचं ते फक्त स्नायू ओळखण्यापुरतं, रोजचा व्यायाम लघवी करताना करायचा नाही. मुदत तीन महिन्यांची. तेवढ्यात फरक नाही पडला तर इलाज आहेत, लाजू नका.

पायरी ३: आंघोळ बदला

त्वचेच्या बाबतीत सर्वांत झटपट निकाल इथे मिळतो, आठवड्याभरात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरात. तरुणपणी तैलग्रंथी हा मार भरून काढतात. वय वाढलं की त्या मंदावतात आणि नडग्या, कोपर, पाठ कोरडी पडून खाजायला लागते.

पाणी कोमट, वेळ पाच-दहा मिनिटं. साबण फक्त काखा, जांघा आणि पाय यांना, बाकी अंगाला रोज फेस लागत नाही. साबणाऐवजी सौम्य क्लिन्झिंग बार मिळत असेल तर उत्तम. घासणी टाकून द्या. टॉवेलने खसाखसा न पुसता टिपा आणि अंग ओलसर असतानाच, पहिल्या दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. तो बाहेरून पाणी आणत नाही, आत असलेलं अडवून ठेवतो, म्हणून कोरड्या अंगाला लावलेल्याचा अर्धा उपयोग वाया जातो. पातळ लोशनपेक्षा डब्यातलं घट्ट क्रीम बरं. ग्लिसरीन, सेरामाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेलं कुठलंही चालेल, सुगंध नसलेलं असावं इतकंच. टाचांच्या भेगांना २० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम रात्री लावून वर मोजे घाला.

एवढं करूनही पुरळ नसताना अंग दोन-तीन आठवडे खाजत राहिलं तर तो निव्वळ कोरडेपणा नसेल. थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड किंवा लोहाची कमतरता यांपैकी काहीतरी खाजेच्या वेशात येऊ शकतं.

पायरी ४: ऊन

एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती सनस्क्रीन. महागड्या सीरमवाल्यांना हे आवडत नाही, पण पुरावा याच बाजूने आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ प्रौढांवर झालेल्या चाचणीत एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, दुसऱ्याला वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वार्धक्याच्या खुणा २४ टक्के कमी आढळल्या. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

एसपीएफ हा आकडा त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो. ३० चं सनस्क्रीन त्यातले साधारण ९७ टक्के अडवतं, ५० चं ९८ टक्के. म्हणजे ३० पुरतं. सुरकुत्या आणि सैलपणा मुख्यतः यूव्हीए किरणांमुळे येतो. ते खोलवर जातात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात, वरच्या ट्रकचालकाचं हेच झालं. म्हणून बाटलीवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं आहे का ते बघा. खिडकीजवळ बसून काम करणाऱ्यांनीही लावावं.

गफलत होते ती मापात. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ काढली की चेहरा आणि मान यांच्यापुरतं झालं. बहुतेक लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग ५० चा आकडा कागदावरच राहतो. कान, मानेची मागची बाजू आणि हातांचे पंजे विसरू नका. पंजे वय सांगतात आणि त्यांना कुणी काही लावत नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. टोपी, लांब बाह्या आणि सावली याचं काम सनस्क्रीनपेक्षा भरवशाचं, कारण ते घामाने उतरत नाही.

वांग किंवा काळे डाग असलेल्यांसाठी एक बारकावा. सावळ्या त्वचेत नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग गडद होतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. रंग असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन अडवतं.

पायरी ५: रात्रीसाठी एकच औषधी क्रीम

सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझर अंगवळणी पडल्यावरच इथे या, साधारण महिन्याने. प्रौढ झाल्यावर त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, वर्षाला एखाद्या टक्क्याने कमी होत जातं आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांचं जवळपास ३० टक्के जातं. ते पुन्हा तयार करायला लावणारं, दशकानुदशकं पारखलेलं बाहेरून लावायचं औषध म्हणजे रेटिनॉइड. ट्रेटिनोइन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारं, रेटिनॉल हे त्याचं सौम्य भावंड.

चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं क्रीम. पहिले दोन आठवडे फक्त दोन रात्री, मग एकाआड एक, झेपलं तर रोज. आधी मॉइश्चरायझर, मग हे, मग परत मॉइश्चरायझर असं केलं तर जळजळ कमी होते. सुरुवातीला सालं निघणं आणि लाली अपेक्षितच आहे. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात इथेच सोडतात. सोडू नका, दिवस कमी करा. पोत सुधारलेला बारा आठवड्यांनी दिसतो, रेघा पुसट व्हायला सहा महिने लागतात. गरोदर असाल किंवा व्हायचा विचार असेल तर हे वापरायचं नाही. ज्यांना अजिबात सोसत नाही त्यांनी नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) असलेलं क्रीम वापरून बघावं, परिणाम सौम्य पण त्रासही कमी.

आठवड्यात चेहरा उजळवणाऱ्या क्रीमपासून मात्र दूर राहा. इतक्या लवकर काम करणाऱ्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, कधी पाराही. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटतो. कोलॅजनच्या पावडरींबद्दल माझं मत: पोटात गेल्यावर तेही इतर प्रथिनांसारखं पचतं. काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे, पण त्यातल्या पुष्कळ ती विकणाऱ्यांच्याच पैशाने झाल्या आहेत. तो खर्च सनस्क्रीनवर करा.

पायरी ६: केस

केसांच्या बाबतीत आधी गळणं आणि विरळ होणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सगळ्यांचंच होतं. एकदम ओंजळभर गळायला लागले तर कॅलेंडर काढा आणि दोन-तीन महिने मागे जा: मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन, घरातला मोठा धक्का? अशा वेळी पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मिळून गळतात. कारण संपलं असेल तर सहा महिन्यांत ते आपोआप थांबतं. शांपू बदलून काही होत नाही. ज्या शांपूने थांबलं असं वाटतं, तो योग्य वेळी घरात आलेला असतो एवढंच.

विरळ होणं संथ असतं. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि टाळूवर चकती दिसते, स्त्रियांत भांग रुंदावत जातो आणि पुढची रेषा टिकते. मुळं बारीक होत चाललेली असतात, मेलेली नसतात, म्हणून लवकर सुरू केलेला इलाज जास्त देतो. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा ते टाळूला लावायचा विचार झाला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पुरुषांसाठी मंजुरी मिळाली. ते केसांना नाही, कोरड्या टाळूला लावायचं. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस आणखी गळतात, कारण जुने केस नव्यांना जागा करून देत असतात. हे माहीत नसल्याने लोक घाबरून थांबतात. निकाल चार ते सहा महिन्यांनी बघायचा. थांबवलं तर मिळवलेलं काही महिन्यांत जातं, तेव्हा वर्षानुवर्षं लावायची तयारी असेल तरच सुरू करा. घरात मांजर असेल तर फार सांभाळा, हे औषध मांजरांना विषासारखं आहे. लावलेली टाळू, उशीचा अभ्रा, हात यांपासून तिला लांब ठेवा.

केस विरळ होण्यावर पुरुषांसाठी फिनास्टेराइड या औषधाची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ पासून आहे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. तिच्यामुळे प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा साधारण निम्मा येतो, म्हणून तपासणीच्या वेळी ती घेत असल्याचं सांगायलाच हवं. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तसंच. कमतरता क्वचितच असते, केस वाढतात याचा भक्कम पुरावा नाही आणि थायरॉइड तसंच हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचे निकाल त्या चुकवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

तेलाबद्दल वाद घालायची हौस सगळ्यांना असते. तेलाने केसाचा दांडा मऊ राहतो, घर्षण कमी होतं, तुटणं घटतं. मुळापासून नवा केस उगवणं हे त्याचं काम नाही. कोंडा असेल तर टाळूवर तेल मुरवत ठेवू नका, त्यावर कोंडा वाढवणारी बुरशी पोसली जाते. शांपू टाळूला, कंडिशनर लांबीला. ओला केस सर्वांत कमजोर असतो, रुंद दातांचा कंगवा टोकाकडून वर न्या. घट्ट वेणी किंवा बुचडा वर्षानुवर्षं एकाच जागी ओढला तर तिथली मुळं कायमची जातात.

पांढरे केस उपटल्याने वाढत नाहीत, पण उपटण्याने मूळ दुखावतं. रंग देणाऱ्या पेशींचा साठा संपल्याने केस पांढरा होतो आणि तो परत काळा करणारं तेल किंवा गोळी नाही. फार लवकर पांढरे होत असतील तर बी-१२ आणि थायरॉइड बघा. कलप लावायचा तर जरूर लावा, पण दर वेळी आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून ४८ तास थांबा. काळ्या कलपातल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी दहा वर्षं वापरल्यावरही अचानक येऊ शकते आणि ती आली की डोळे सुजून बंद होतात. ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या काळ्या पावडरींतही ते असू शकतं. डब्यामागची यादी वाचा.

थोडक्यात उरलेलं

दात दोन मिनिटं, दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टने. हिरड्यांतून रक्त येणं सामान्य नाही. रक्तदाब आणि मनाच्या आजारावरच्या अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं, त्याने दात झपाट्याने किडतात. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आरशात बघा, जखम दुखतेच असं नाही. तंबाखू कुठल्याही रूपात सोडा, वरच्या सगळ्या पायऱ्यांवर ती पाणी फिरवते.

डॉक्टरांकडे कधी

एखादा तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच तिळात दोन-तीन रंग आहेत, आकार सहा मिलिमीटरच्या वर आहे किंवा तो बदलतो आहे, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. चाळिशीनंतर नव्याने उगवलेल्या तिळाकडे जास्त लक्ष द्या. गडद वर्णाच्या लोकांत त्वचेचा कर्करोग बऱ्याचदा तळहात, तळपाय किंवा नखाखाली दिसतो, नखातली काळी उभी रेघ त्यात आली. महिनाभर न भरलेली जखम, टाळूवर दुखणारे किंवा गुळगुळीत चट्टे, स्त्रियांत एकाएकी हनुवटीवर दाट केस, प्रयत्न न करता घटलेलं वजन, हेही थांबण्यासारखं नाही.

जाताना नखांना रंग नको, चेहऱ्यावर मेकअप नको. पहिल्या पायरीत काढलेले फोटो न्या आणि वापरात असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी आणि क्रीम एका पिशवीत घालून न्या. ‘ते तर साधंच आहे’ म्हणून घरी ठेवायचं मन होईल ती डबी त्या पिशवीत आधी टाका.